कोंबडीचे कूळ आणि मूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्यात म्हणतात. कोंबडीचे कूळ शोधावे, असे तर कोणाच्या मनातही येत नाही. बैल घ्यावयास बाजारी निघालेला शेतकरी खिलार की डांगी, देवणी की लाल कंधारी, हे आधी विचारतो. दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. बियाण्याचे पोते घेताना ते कोठले, कोणाकडचे, याची दहा ठिकाणी चौकशी करतो. परंतु त्याच्या परसात जी कोंबडी उकिरडा उकरीत असते ती मूळची कोठली, असे त्यास विचारावे, तर 'गावठी' एवढ्या एका शब्दात उत्तर आटोपते.

यास कारणही आहे. आमचे आयुष्य महसुली दप्तरात गेले. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर विहीर येते, फळझाड येते, पडीक तुकडाही येतो. कोंबडी येत नाही. तिचा पैसा घरातील बायकांच्या हाती येतो आणि मिठामिरचीस, पोराच्या वहीपेन्सिलीस जातो. त्याचा जमाखर्च कर्त्या पुरुषाच्या वहीत लागत नाही. जे वहीत नाही ते नाहीच, असे समजण्याची आपली रीत आहे. पण २०१९ सालच्या पशुगणनेचे आकडे पाहावेत. देशातील एकंदर कोंबड्या-बदके वगैरे ८५ कोटी १८ लाख भरली, आणि त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख पक्षी परसातले, म्हणजे मोठ्या कारखानी पद्धतीबाहेरचे होते. २०१२ च्या गणनेहून ही परसातील संख्या शेकडा ४६ ने वाढलेली आहे. तेव्हा ह्या प्राण्याची चौकशी करणे अगदीच रिकामपणाचे ठरू नये. शिवाय कोंबडीच्या ज्या खोडींना आपण तिचा मूर्खपणा म्हणतो, त्यांतील बहुतेक तिच्या मूळ रानातील शहाणपण आहे. ते रान कोणते हे कळल्यास तिला सांभाळणे सोपे जाते आणि नुकसानही पुष्कळ टळते. हाच ह्या लेखाचा हेतू.

जगात रानकोंबड्यांच्या जाती चारच आहेत. एक तांबडी, हिमालयाच्या पायथ्यापासून आपल्या देशाच्या पूर्व भागातून ब्रह्मदेश, सयाम आणि त्यापलीकडील बेटांपर्यंत पसरलेली. दुसरी राखी, केवळ हिंदुस्थानच्या द्वीपकल्पातील. तिसरी सिंहलद्वीपातील व चौथी जावा आणि तिच्या आसपासच्या बेटांतील हिरवी. आपल्या सह्याद्रीच्या रानात पहाटे जो ओरडतो तो राखी कोंबडा होय. त्याच्या मानेची पिसे गडद असून त्यांवर लाखेचे थेंब पडावेत तसे चकचकीत ठिपके असतात. घाटाखालच्या व घाटमाथ्यावरच्या गावांत पुष्कळांची अशी समजूत आढळते की, हाच आपल्या कोंबडीचा मूळपुरुष. दोघे शेजारी राहतात, रूपानेही जवळचे, तेव्हा असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कान देऊन ऐकावे. राखी कोंबड्याची हाक तुटक असून शेवटी खाली पडते; आपल्या घरच्या कोंबड्याचे आरवणे तिच्याशी जुळत नाही. ते जुळते तांबड्या रानकोंबड्याशी, जो आपल्या बाजूस नाही. सालवृक्षाची राने जेथे आहेत तेथे तो आढळतो, आणि गोदावरीच्या खालच्या खोऱ्याच्या सुमारास दोघांच्या मुलुखाची शीव लागते.

चार्लस् डार्विन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६८ साली पाळीव प्राणी व वनस्पती ह्यांवर जो मोठा ग्रंथ छापला, त्यात त्याने हाच निकाल दिला. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा एडवर्ड ब्लाइथ ह्या कामी त्यास पत्रांतून माहिती पुरवीत असे. आवाज, रंग, संकराच्या संततीची जननक्षमता, हे सर्व ताडून डार्विनने ठरविले की, सर्व पाळीव कोंबड्यांचे मूळ तांबड्या रानकोंबडीत आहे. दीडशे वर्षांनी तपासणीची साधने पार बदलली, तरी निकालाचा मुख्य भाग कायम राहिला. एका पोटकलमात मात्र दुरुस्ती झाली. ती आमच्या सह्याद्रीच्या वाट्याची असल्यामुळे पुढे सविस्तर सांगतो.

आता हे कोठे व केव्हा घडले? पूर्वीच्या पुस्तकांत सिंधूच्या खोऱ्याचे नाव असे. मोहेंजोदडो येथे मातीच्या कोंबड्या सापडल्या, त्यावरून चार हजार वर्षांपूर्वी आपल्याच देशात कोंबडी माणसाळली असे मानीत. पुढे चीनच्या उत्तर भागातील हाडांवरून कोणी आठ हजार, कोणी दहा हजार वर्षे मागे गेले. त्यांतील पुष्कळ हाडे कोंबडीची नसून तित्तिरकुळातील दुसऱ्या पक्ष्यांची निघाली. २०२० साली ८६३ पक्ष्यांच्या वंशघटकांची तुलना प्रसिद्ध झाली. तीवरून असे दिसते की, तांबड्या रानकोंबडीची जी एक उपजात चीनच्या नैर्ऋत्येस, सयामच्या उत्तरेस व ब्रह्मदेशात राहते, ती आपल्या कोंबडीची खरी आई. तेथून कोंबडी माणसाबरोबर जिकडे गेली तिकडे तेथील रानकोंबड्यांशीही तिचा संबंध आला. आपल्या देशातील तांबडीचे रक्तही तिच्यात मागाहून मिसळले. आणि २०२२ साली ८९ देशांतील सहाशेहून अधिक ठिकाणच्या हाडांची फेरतपासणी झाली, तीत निश्चित घरच्या म्हणता येतील अशा सर्वांत जुन्या कोंबड्या मध्य सयामातील बान नॉन वाट ह्या जागी भरल्या. त्यांचा काळ इ. स. पूर्वी १६५० ते १२५० च्या दरम्यानचा. म्हणजे गाय, बकरी, मेंढी ह्यांच्या मानाने कोंबडी आपल्या घरी फार उशिरा आलेली पाहुणी आहे.

ती आली कशी, हे शेतकऱ्याने विशेष लक्ष देऊन ऐकण्याजोगे आहे. त्या मुलुखात त्याच काळात पावसाच्या पाण्यावरचे भात आणि राळ्यासारखे बारीक धान्य ह्यांची लागवड पसरत होती. रान तोडून शेत झाले, शेताच्या कडेस खळे झाले, खळ्यात दाणा सांडू लागला, आणि बांबूच्या बेटात राहणारी कोंबडी दाण्यामागे रानातून शेतात उतरली. तिला कोणी फासे लावून धरून आणले आणि पिंजऱ्यात माणसाळविले, अशी कल्पना करण्याचे कारण नाही. कुत्रा उष्ट्यामागे आला, मांजर उंदरामागे आले, तशी कोंबडी खळ्यामागे आली. शेतकरी नसता तर कोंबडी झाली नसती. ती शिकाऱ्याची नव्हे, धनगराची नव्हे, आपलीच आहे.

बांबूचा संबंध येथे आणखी एका रीतीने येतो. बांबूच्या कित्येक जातींना अनेक वर्षांतून एकदा, एकदम सगळ्या रानात फुलोरा येतो आणि जमिनीवर बियांचा सडा पडतो. मिझो लोकांच्या डोंगरांत १९५९ साली असे झाले तेव्हा बी खाऊन उंदीर इतके माजले की उभे पीक नाहीसे होऊन दुष्काळ पडला. उंदरास जे साधते ते रानकोंबडीसही काही अंशी साधते. अन्नाची रेलचेल झाली की ती अधिक अंडी घालते. अन्यथा रानात ती एका वेळी पाच-सहा अंडी घालून बसते व थांबते. दाणा भरपूर मिळाला की अंडी वाढवावयाची, हा गुण तिने रानातूनच आणला. माणसाने त्यास नित्याचा दाणा घातला, इतकेच.

ह्यातच दुसरीही एक मेख आहे. घरट्यात पुरेशी अंडी साठली असे तिला वाटेपर्यंत ती घालीत राहते. रोज अंडे उचलून न्यावे आणि एक ठेवणीचे तेथेच राहू द्यावे, म्हणजे तिची गणती पुरी होत नाही. आमच्याकडील म्हाताऱ्या बायका हे कोणत्याही पुस्तकावाचून जाणतात. पाच-सहा अंड्यांच्या रानकोंबडीपासून वर्षास तीनशेच्या घरात अंडी देणारी पांढरी लेगहॉर्न कोंबडी निपजली, ती ह्याच एका धाग्याला पिढ्यान् पिढ्या ताण देऊन.

आता सह्याद्रीच्या वाट्याची गोष्ट. आपल्या कोंबड्यांचे पाय पाहावेत. काहींचे पिवळे असतात, काहींचे पांढुरके किंवा काळसर. पिवळा रंग मक्यातून व हिरव्या पाल्यातून मिळणाऱ्या द्रव्याचा. बहुतेक रानकोंबड्यांच्या कातडीत हे द्रव्य फोडून टाकणारा वंशघटक, ज्यास जनुक म्हणतात, चालू असतो. म्हणून त्यांची कातडी पांढरी राहते. पिवळ्या पायाच्या कोंबडीत तो कातडीपुरता बंद असतो, आणि हा गुण आई व बाप दोघांकडून आला तरच दिसतो. २००८ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी शोधून काढले की, ह्या जनुकाचा पिवळा नमुना तांबड्या रानकोंबडीचा नव्हेच; तो राखी रानकोंबड्याच्या नमुन्याशी जुळतो. डार्विनने राखी कोंबड्यास मूळपुरुष मानले नाही ते योग्यच केले. पण केव्हातरी, हिंदुस्थानच्या द्वीपकल्पातील कोणा खेड्याच्या कडेस, एखादा राखी कोंबडा परसातील कोंबड्यांत उतरला असला पाहिजे. त्याची ती देणगी आज अमेरिकेतील नि विलायतेतील अगणित पिवळ्या पायांवर चालत आहे. राखी कोंबडा हिंदुस्थानाबाहेर कोठेही रानात राहत नाही, तेव्हा ह्या देणगीचे गाव आपलेच. आम्हांस ही बातमी वाचून, खरे सांगावयाचे तर, थोडा अभिमान वाटला.

येथून ती पश्चिमेस गेली ती इराणच्या वाटेने. ग्रीक लोक कोंबड्यास इराणी पक्षी म्हणत. युरोपात ती सात हजार वर्षांपूर्वी होती असे सांगत असत. तेथील हाडांचा काळ २०२२ साली प्रत्यक्ष मोजला, तेव्हा इ. स. पूर्वी ८०० च्या आधीची एकही भरली नाही. आणि प्रथम ती खाण्यासाठी नव्हती. रोमचा सेनापती सीझर लिहून ठेवतो की, ब्रिटनचे लोक कोंबडी व हंस खाणे वर्ज्य मानतात, केवळ हौसेने पाळतात.

नावावरून मात्र पक्ष्याचे मूळ शोधू नये. टर्की म्हणून जो मोठा पक्षी अलीकडे काही शेतकरी पाळतात, तो तुर्कस्तानचा नाही. फ्रेंच भाषेत त्याचे नाव हिंदुस्थानावरून पडले, पोर्तुगीज त्यास पेरू म्हणतात, आणि तो आहे मेक्सिकोकडचा. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून जी अपूर्व जनावरे जहांगीर बादशहाकडे नेली, त्यांत हा पक्षी होता. बादशहाने त्याचे वर्णन आपल्या रोजनिशीत लिहिले व त्याचे चित्रही काढविले. आमच्याकडे पेरू म्हटले की फळ. तेही अमेरिकेकडूनच आलेले. असो.

'कोंबडे झाकले म्हणून सूर्य उगवायचा राहत नाही' ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. तिची दुसरी बाजू जपानातील नागोया विद्यापीठात २०१३ साली सिद्ध झाली: कोंबडे झाकले तरी आरवावयाचे राहत नाही. तेथे कोंबड्यांस दिवसरात्र सारख्या अंधुक उजेडात ठेवले, तरी ते रोज जवळजवळ ठरल्या वेळी आरवले. घड्याळ त्याच्या अंगातच आहे, आणि उजाडण्यापूर्वी दोन तास ते वाजते. २०१५ मध्ये त्याच मंडळींनी असेही दाखविले की, पहिल्याने आरवण्याचा मान कळपातील सर्वांत वरचढ कोंबड्याचा. इतर त्याच्या मागून आपापल्या पायरीने आरवतात. पाटलाआधी बलुतेदाराने मानाचा विडा उचलू नये, तसाच हा प्रकार.

आता मुळाचा उपयोग काय, ते सांगतो. कोंबडी संध्याकाळी आढ्यावर नाहीतर झाडावर चढते, हाकलून खुराड्यात घालावी लागते. ही खोड नव्हे. रानात जमिनीवर निजलेली कोंबडी सकाळी उरत नाही. म्हणून खुराड्यात जमिनीपासून दोन-अडीच हात उंच, बोटांनी नीट धरता येईल अशी आडवी काठी असावी. मुंगसाचे व रानमांजराचे भय निम्मे कमी होते आणि पायांस ओल लागत नाही. ती धुळीत लोळते तेव्हा पिसांतील उवा झाडते. तेव्हा पावसाळ्यात छपराखाली कोरडी माती व राख यांचा एक वाफा तिच्यासाठी राखावा. अंडी चोरून घालते म्हणून तिच्यावर चिडू नये. बांबूच्या बेटात, पाल्याखाली, कोणाच्या नजरेस न पडता अंडी घालणे हाच तिचा कुळाचार. घरातच अंधाऱ्या कोपऱ्यात भुसा घातलेली पाटी ठेवली, तर शेजाऱ्याच्या गंजीत जाण्याची तिला गरज उरत नाही.

सर्वांत मोठी तक्रार खुडूक बसण्याची. कोंबडी खुडूक झाली की अंडी बंद. एकवीस दिवस उबविण्यात, पुढे दीड-दोन महिने पिल्ले फिरविण्यात जातात. म्हणून गावठी कोंबडीची वर्षाची अंडी पन्नास-साठांच्या पुढे सहसा जात नाहीत. कारखानी जातींतून हा गुण निवडीने काढून टाकला आहे. ती कोंबडी तीनशे अंडी देते, पण स्वतःचे एक पिल्लू काढू शकत नाही; तिला यंत्र लागते, विकतचे खाद्य लागते, बंद घर लागते. ज्यास हे सर्व जमते त्याने तो धंदा अवश्य करावा. आमचा त्यास विरोध नाही. परसासाठी म्हणून बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने गिरिराज व हैद्राबादच्या संस्थेने वनराज अशा जाती तयार केल्या. त्या अंगाने भरदार, अंडीही अधिक देतात. परंतु त्याही खुडूक बसण्यास नाखूष असतात, आणि अंग जड झाल्याने धोका दिसताच झाडावर झेप घेणे त्यांस कठीण जाते. आमचे मत असे की, नवी जात आणावी, पण घरची सर्वच गावठी कोंबडी विकून आणू नये. दोन-तीन चांगल्या खुडूक बसणाऱ्या राखल्या तर परकी अंडीही त्यांच्याखाली निघतात. पिल्लांसाठी दर खेपेस दुसऱ्याच्या दारी जाणारा शेतकरी आणि बियाण्यासाठी दर हंगामास दुकानदाराचे तोंड पाहणारा शेतकरी, ह्यांत आम्हांस फरक दिसत नाही.

अंडी बसवावयाची ती आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची, न तडकलेली. एका कोंबडीखाली दहाबारांहून जास्त नकोत. जागा बदलावयाची तर रात्री बदलावी, म्हणजे ती बिथरत नाही. सातव्या-आठव्या रात्री अंडे विजेरीच्या उजेडापुढे धरल्यास आत शिरांचे जाळे दिसते. जे स्वच्छ दिसेल ते वांझ समजून काढावे. आठ-दहा कोंबड्यांस एक कोंबडा पुरे, पण तो दोन वर्षांनी बदलून दुसऱ्या गावचा आणावा. आपण सोयरीक करताना गोत्र पाहतो. परसात मात्र बाप, लेक, नात सगळे एकाच कोंबड्याखाली चालू ठेवतो आणि मग पिल्ले मरतुकडी निघतात म्हणून नशिबास बोल लावतो.

नशिबाच्या नावावर खपणारी दुसरी गोष्ट मानमोडी. उन्हाळ्यात एका आठवड्यात सगळे परस ओस पडते. मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते आणि पक्षी मरतो. कोठे देवीचा कोप म्हणतात. हा राणीखेत रोग होय. कुमाऊँ डोंगरातील राणीखेत येथे १९२७ च्या सुमारास तो आपल्या देशात प्रथम ओळखला गेला, त्यावरून हे नाव. लागण झाल्यावर औषध नाही, पण लस आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचे असता डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, आणि आठ आठवड्यांच्या सुमारास टोचून दुसरी. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळ ठरवावी. लस थंड राहिली पाहिजे. उन्हातून पिशवीत घालून आणलेली लस पाण्याच्या किमतीची. एका घराने टोचून भागत नाही, आळीतील सर्वांनी एका दिवशी टोचावे. बाजारातून आणलेला पक्षी पंधरा दिवस वेगळा डालग्याखाली ठेवावा. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूर येथे बर्ड फ्ल्यूची देशातील पहिली साथ निघाली, तेव्हा लक्षावधी पक्षी नष्ट करावे लागले. मेलेला पक्षी उकिरड्यावर वा ओढ्यात न टाकता चुना घालून खोल पुरावा, आणि एकदम मर लागल्यास लपवू न ठेवता दवाखान्यास कळवावे.

राहता राहिली रानातील मूळ कोंबडी. तिच्यावर आता आपल्याच कोंबडीचे संकट आहे. तांबड्या रानकोंबड्यांच्या जुन्या संग्रहालयांतील कातड्यांशी सध्याचे पक्षी ताडून पाहिले, तेव्हा रानातल्यांत घरच्यांचे रक्त पूर्वीहून पुष्कळ वाढलेले आढळले. हा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. शुद्ध रानकोंबड्याची एक खूण अशी की, विणीचा काळ सरला की त्याच्या मानेची झळकती पिसे गळतात व काही महिने तो काळसर, साधा दिसतो. घरच्या कोंबड्यास हे होत नाही. ही खूण नाहीशी होत चालली, तर रोगाशी टक्कर देणारा, पुढच्या निवडीस लागणारा मूळ साठाच आटेल. जंगलाला लागून ज्यांची गावे आहेत त्यांनी निदान कोंबडे संध्याकाळी रानाकडे फिरू देऊ नयेत, आणि मर लागलेल्या काळात तर मुळीच नाही. राखी कोंबड्याची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, आणि त्याची अंडी उचलणे हाही गुन्हाच. घाटात कोठे कोठे ही अंडी आणून घरच्या कोंबडीखाली बसविण्याची हौस दिसते. तीत फायदाही नाही. पिल्ले निघतात, आईमागे चार दिवस फिरतातही. पण माणसाची चाहूल लागताच दडून बसतात, आणि पंखांत बळ आले की रानाची वाट धरतात.